वायफाय अडलंय कुठं?

आम्ही कवठे महांकाळ तालुक्यात बचत गटांचं काम करणाऱ्या बायका. आज आपण घरातल्या वायफायबद्दल बोलणार आहोत. नेट येतं, जातं, परत येतं, आणि नेमकं कामाच्या वेळी जातं. अशा वेळी काय करायचं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची बैठक एका ताईंच्या घरी होती. त्यांच्याकडं नवीन वायफाय बसलेलं, म्हणून मुद्दाम तिथं जमलो. गटाच्या हिशेबाची नोंद लोकोस ॲपवर करायची होती आणि ताईंच्या मुलीचा कॉलेजचा फॉर्मही भरायचा होता. फॉर्मचा तो शेवटचा दिवस. निम्मा फॉर्म भरला आणि मोबाईलवर चक्र फिरायला लागलं ते थांबेचना. ताई घाबरल्या. म्हणाल्या, "मघाशी मी डब्यावरची धूळ पुसली, त्यानंच बिघडलं. आता हे आले की मलाच बोलणार." मुलगा पुण्याला कामाला. त्याला फोन लावला, तो उचलेना. शेवटी पोरीला गाडीवर बसवून कवठ्याला नेलं आणि दुकानात फॉर्म भरला. वेळेत झाला म्हणून बरं, नाहीतर पोरीचं वर्ष अडकलं असतं.

दोन दिवसांनी दुरुस्तीवाला आला. पलंग सरकवताना डब्याकडं येणारी बारीक वायर पायाखाली दबली होती. धूळ पुसण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या दिवशी आम्ही ठरवलं, हा डबा आता आपणच समजून घ्यायचा.

म्हैसाळ योजनेचं पाणी आपल्याकडं कसं येतं, ते आपल्याला माहीत आहे. कृष्णेतून उचलायचं, टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं, कालव्यात सोडायचं, मग रानात घ्यायचं. रानात पाणी आलं नाही तर आपण आधी कालवा बघतो. कालवा वाहतोय आणि रान कोरडं, तर दोष आपल्या पाइपात. कालवाच कोरडा असेल तर पाइप उकलून उपयोग नाही. नेटचंही तसंच आहे. बाहेरून वायरीनं डब्यापर्यंत येतं तो कालवा. डब्यापासून मोबाईलपर्यंत हवेतून येतं ते आपलं पाइप. म्हणून पहिला प्रश्न एकच: अडलंय कुठं?

ते ओळखायला तीन गोष्टी बघा.

पहिली, नेट एकाच मोबाईलवर बंद आहे का सगळ्यांच्या? एकाच मोबाईलवर बंद असेल तर डब्याला हात लावू नका. त्या मोबाईलचं वायफाय बंद करून चालू करा. तरी नाही जमलं तर मोबाईल बंद करून चालू करा. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन ते वायफायचं नाव काढून टाका आणि पासवर्ड घालून परत जोडा. पासवर्ड आधीच लिहून ठेवलेला असावा.

दुसरी, मोबाईल घेऊन डब्याजवळ, दोन-तीन हातांवर उभ्या राहा. तिथं नेट चांगलं चालतंय आणि स्वयंपाकघरात चालत नाही, तर लाईन ठीक आहे, अडचण घरातल्या हवेतल्या वाटेत आहे. डब्याजवळसुद्धा चालत नसेल तर तिसरी गोष्ट बघा.

तिसरी, डब्यावरचे दिवे. फायबरच्या बऱ्याच डब्यांवर एल-ओ-एस असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून येणारा उजेड डब्यापर्यंत पोचत नाही. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. त्यातून उजेड वाहतो. ती जास्त वाकली, दबली, उंदरानं कुरतडली किंवा कडब्याच्या गाडीनं रस्त्यावर तुटली की नेट गेलं. घरात ती कुठं दबली आहे का बघा, पण ओढू नका. तुटलेल्या टोकात डोळा लावून तर कधीच बघू नका. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लाल दिवा असेल तर कंपनीला फोन करणं हाच उपाय.

दिवे ठीक आहेत, तरी नेट नाही, तर डबा एकदा बंद करा. बटण बंद करून मिनिटभर थांबा, परत चालू करा आणि तीन-चार मिनिटं वाट बघा. लगेच दहा वेळा चालू-बंद करू नका. डब्याच्या मागं सुईएवढं भोक असतं, त्यात काडी घालू नका. त्यानं सगळी सेटिंग पुसली जाते.

आता घरातल्या वाटेबद्दल. आपली घरं लांबट. पुढं पत्र्याचा सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर, त्यापुढं परडं. वायर पुढून येते म्हणून डबा सोप्याच्या कोपऱ्यात बसवतात, कधी लोखंडी कपाटाच्या मागं, कधी कोनाड्यात. पत्रा आणि लोखंड या लहरींना अडवतात. जाड दगडी भिंत, सळईचा स्लॅब, पाण्यानं भरलेली टाकी यातूनही त्या कमी होतात. म्हणून डबा घराच्या मधोमध, उंचावर आणि मोकळा ठेवा. वायर बसवायला माणूस येईल तेव्हाच त्याला जागा आपण सांगायची. नंतर सांगायला जड जातं.

बऱ्याच डब्यांची दोन नावं मोबाईलवर दिसतात. एक साधं, दुसऱ्याच्या पुढं ५जी. हे मोबाईलचं ५जी नव्हे. ५ गीगाहर्ट्झची ती वाट आहे. ती वेगवान, पण भिंतीपलीकडं लवकर दमते. साधी वाट २.४ ची. ती हळू, पण लांब जाते. सोप्यात बसून मुलांचा क्लास असेल तर ५ ची घ्या, मागच्या खोलीत २.४ ची. २.४ ची वाट आपल्या देशात २००५ पासून विनापरवाना खुली आहे. म्हणजे गायरानासारखी, सगळ्यांची जनावरं तिथंच. शेजारचं वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्याच वाटेवर. म्हणून दाट वस्तीत ती अडखळते.

मागं काहीच पोचत नसेल तर लहर पुढं ढकलणारं यंत्र मिळतं. ते नेट जिथं मरतं तिथं न लावता मधल्या खोलीत लावा. त्यालाच नेट मिळालं नाही तर ते पुढं काय देणार? त्याहून खात्रीचं म्हणजे मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढून दुसरा डबा बसवणं. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते.

लाईट जाते-येते त्यानंही डबा अडकतो. पिन ढिली आहे का बघा. लहान बॅटरी बॅकअप मिळतो, तो घेताना डब्याच्या खाली लिहिलेला व्होल्टचा आकडा जुळवूनच घ्या.

पैसे पाठवताना नेट गेलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी खात्यातली शिल्लक बघा. आणि तक्रारीचा नंबर गुगलवर शोधू नका, बिलावरचा किंवा पावतीवरचाच वापरा. नेट दुरुस्त करतो म्हणून कुणी ओटीपी मागितला किंवा एखादं ॲप घ्यायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

शेवटचं सांगतो ते आपल्या हातचं काम आहे. गटाचं रजिस्टर आपण वर्षानुवर्षं लिहितोय. तशीच एक वही डब्याजवळ ठेवा. नेट कधी गेलं, कोणता दिवा लाल होता, एकाच मोबाईलवर गेलं का सगळ्या, कधी आलं. पुढच्या पानावर पासवर्ड, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा नंबर. आमच्या त्या ताईंनी अशी वही केली. परवा नेट गेलं तेव्हा त्यांनीच कंपनीला फोन करून सांगितलं, "सकाळी सातपासून लाल दिवा आहे, घरातली वायर मी बघितली, दोष बाहेर आहे." दुपारपर्यंत माणूस आला. पोरगी म्हणाली, "आई, तू तर दादापेक्षा भारी बोललीस."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपापल्या घरच्या डब्याचे दिवे बघून या. लिहून आणा, आपण मिळून वाचू.