नवा बोअर, पण पाणी कुणाचं?

(मराठवाड्यातल्या महिला संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळच्या सत्रात तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी आपापल्या भागातल्या हंडा मोर्च्यांचे अनुभव सांगितले. हंडा मोर्चा आपल्याला नवा नाही. गोरेगावच्या पाण्यासाठी लढलेल्या मृणाल गोरेंना लोकांनी 'पाणीवाली बाई' हेच नाव देऊन टाकलं होतं, आणि त्यांच्या मागून आपण सगळ्या नगरपालिकांच्या दारांत घागरी वाजवत आलो. मला आज बोलायचं आहे ते मोर्चा यशस्वी झाल्यानंतर काय होतं त्याबद्दल. मोर्च्यात आपण पाणी मागतो. साहेब निवेदन घेतात आणि महिन्याभरात बोअरची गाडी येते. मागणी पाण्याची असते, मंजूर होतो तो बोअर. वर्तमानपत्रात फोटो येतो, नारळ फुटतो, आणि पाणी वाढलं असं सगळे धरून चालतात.

मी ज्या तालुक्याच्या गावात काम करते त्याचं नाव सांगत नाही, कारण अशी गावं तुमच्याही तालुक्यांत आहेत. दहा-पंधरा वर्षांत गाव चारी बाजूंनी पसरलं. शेतं एन.ए. झाली, प्लॉट पडले, दोन कॉलेजं आणि त्यांची होस्टेलं आली, मंगल कार्यालयं आली, गाड्या धुवायची सेंटरं आली. तलावातून येणारी जुनी नळयोजना होती तेवढीच राहिली. आठ दिवसांनी नळ येऊ लागला तसा आरडाओरडा झाला आणि पालिकेनं 'वाढीव पाणीपुरवठा' म्हणून गावाबाहेर तीन किलोमीटरवर, ओढ्याच्या काठाने सात बोअर मारले. तीन कोरडे निघाले. चारांना पाणी लागलं, त्यांत सबमर्सिबल सोडून पाइप थेट गावातल्या टाकीपर्यंत आणला.

त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला साठ-सत्तर घरांची एक वाडी आहे. तिची पिण्याची विहीर सात परस खोल, दगडी बांधणीची. एरवी अक्षय तृतीयेपर्यंत तिला पाणी असायचं. बोअर मारल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ती होळीला तळाला गेली. मग वाडीतल्या बायका आणि मुली दीड किलोमीटरवरच्या एका शेतमालकाच्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिथे त्याची मोटर चालू असेल तेव्हाच पाणी मिळायचं, आणि मोटर चालायची ती रात्रीच्या विजेवर. रात्री दुसऱ्याच्या रानात पाण्याला जायचं म्हणजे काय, ते या सभागृहात उलगडून सांगायची गरज नाही.

आता थोडं जमिनीखालचं बोलू. मी समाजकार्याची पदवी घेतलेली आहे, खडकाचं शास्त्र मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. जे कळलं ते भूजल खात्यातल्या एका निवृत्त माणसाकडून आणि विहिरीवरच्या बायकांकडून. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा आहे, लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. गंगेकाठच्या गाळात जसं पाणी सलग भरून राहतं तसं इथे राहत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि भोकंभोकं असलेल्या थरांत. पाणाड्या हातात काठी धरून 'खाली नदी वाहते' म्हणतो, तशी नदीबिदी काही नसते. दोनशे फुटांच्या खाली अखंड पाषाणात एखादी भेग लागली तर तिच्यात असतं ते फार हळू भरणारं पाणी. शिवाय खोल पाण्यात क्षार आणि काही भागांत फ्लोराइडही जास्त निघतं. आणि ती भेग वरच्या थराला जोडलेली असेल, तर बोअर आजूबाजूच्या विहिरींचंच पाणी खालून ओढून घेतो. नवा असतो तो पाइप, पाणी जुनंच.

एक साधा हिशेब आपण सगळ्याजणी करू. वही काढा. एका हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांवर, १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडतं. आपल्याकडे वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस धरा, म्हणजे ७५ लाख लिटर. त्यातला दहावा हिस्सा जमिनीत मुरतो असं धरा. कठीण खडकाच्या भागासाठी हा अंदाज वाईट नाही. उरले साडेसात लाख. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी सरकारचं माप माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे वर्षाला ४९ हजार. एका हेक्टरात मुरलेलं पाणी पंधरा माणसांना पुरलं. ५०,००० वस्तीच्या गावाला फक्त बोअरवर जगवायचं, तर ३,३०० हेक्टरांत मुरलेला थेंबन् थेंब लागेल. आठ हजार एकर झाले! आणि त्या आठ हजार एकरांत कुणी शेतीला कळशीभरही उपसायचं नाही. होतं का असं कुठे?

खेड्यासाठी जलजीवन मिशनचं माप किती, तर ५५ लिटर. शहरातल्या माणसाला तहान जास्त लागते असं एखाद्या तज्ज्ञाने सिद्ध केलं असेल तर मला माहीत नाही.

उसाचाही हिशेब याच वहीत मांडा, नाहीतर वाडीविरुद्ध शहर असं भांडण लावून मोठे उपसे करणारे बाजूला उभे राहतात. उसाला हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचे ७५० वजा केले तरी हेक्टरी सव्वा कोटी लिटर उरतात. शहराच्या मापाने अडीचशे माणसांचं वर्षभराचं पाणी एका हेक्टराच्या उसात जातं.

खोल जाण्याची ही शर्यत कुठे नेते ते लातूरने दाखवलं. १९९१ मध्ये लातूरची वस्ती दोन लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती तीन लाख ऐंशी हजारांच्या वर गेली. शहराची भिस्त मांजरा धरणावर, आणि घरोघर बोअर. सलग कमी पावसानंतर २०१६ च्या सुरुवातीला धरण कोरडं पडलं. तोवर बोअरही शेकडो फुटांवर गेले होते आणि खडखडत होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत त्या गाड्या येत राहिल्या. रेल्वे सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं, ते मात्र विसरलं गेलं. पाण्याच्या टाकीपाशी गर्दी कुणाची असते? पाण्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाया कायद्याच्या भाषेत 'जमाव' झाल्या.

आता कायदा काय म्हणतो? इंग्रजांनी १८८२ साली केलेल्या सुविधाधिकार कायद्यानुसार ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी. सातबाऱ्यावर नाव असलं तर पाण्यावर हक्क. आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, हात वर करा. … दिसलं. म्हणजे घरातलं, गोठ्यातलं, बाळंतिणीचं, आजाऱ्याचं सगळं पाणी जिच्या डोक्यावरून येतं तिला पाण्याच्या कायद्यात जागाच नाही, आणि परित्यक्ता असेल तर सासर-माहेर दोन्हीकडे नाही. १९९३ च्या राज्य कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी आणली. पुढे २००९ चा भूजल कायदा आला, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. बोअरच्या गाड्या रात्रंदिवस किती फुटांपर्यंत जातात ते तुम्ही पाहताच. पिण्याच्या पाण्याला ती मनाई लागू नाही, आणि ते योग्यच आहे. पण शहराने 'पिण्यासाठी' म्हणून खोल बोअर मारायचा आणि त्या पाण्याने गाड्या धुवायच्या, हेही त्याच सवलतीत बसवलं जातं.

गावात पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. शहरात अशी समितीच नसते. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, त्याही तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत. आमच्यासारख्या गावात पन्नास टक्के नगरसेविका असूनही बोअर कुठे मारायचा ते अभियंता, ठेकेदार आणि पाणाड्या तिघेच ठरवतात.

हे असंच असलं पाहिजे असं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली, तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठेवता घरातल्या माणसांवर ठेवला. भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस लावायचा नाही हे सगळ्यांनी मान्य केलं.

परत वाडीकडे येते. तिथल्या बायका पालिकेत गेल्या तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, पाऊस कमी झाला म्हणून विहीर आटली, आमच्या बोअरचा संबंध नाही, पुरावा काय? एक म्हातारी म्हणाली, "साहेब, दोर तोच हाय, पानीच खाली गेलं." साहेब हसले. पण त्या दोरातच पुरावा होता. पुढच्या पावसाळ्यानंतर बायकांनी एका दोराला गाठी मारल्या, खाली दगड बांधला, आणि दर सोमवारी पाणी भरायच्या आधी विहिरीत दोर सोडून किती गाठी कोरड्या आल्या ते आठवीतल्या एका पोरीकडून वहीत लिहून घेतलं. नुसतं पाणी उतरतंय एवढं लिहून भागलं नसतं, उन्हाळ्याकडे ते उतरणारच. जानेवारीत बोअरच्या लाइनची डीपी जळाली. नवी यायला नऊ दिवस लागले, तेवढे दिवस चारही बोअर बंद. त्या नऊ दिवसांत विहिरीचं पाणी दोन गाठी वर आलं. डीपी बसली, पुढच्या सोमवारी ते पुन्हा खाली. भूजल खात्यातल्या त्या गृहस्थांना वही दाखवली तेव्हा ते म्हणाले, हीच चाचणी आम्ही पंप लावून आणि थांबवून करतो.

वही घेऊन पालिकेत जायच्या आधी आम्ही शहरातल्या झोपडपट्टीतल्या बायकांना वाडीत नेलं. ती बैठक गोड झाली नाही. वाडीच्या बायका म्हणाल्या, तुमच्यामुळं आमची विहीर गेली. वस्तीतली एक, जी चार घरची धुणीभांडी करते, ताडकन उठली, "आमाला आठ दिसाला एक तास येतंय नळाला, तेबी करंगळीएवढं. आमी काय पोवायला घेतोय का?" थोडा वेळ कुणी कुणाचं ऐकेना. मग कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे येत नाही, आमच्याकडे राहत नाही, मग जातं कुठं? दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या सहा जणी पाइपच्या कडेकडेनं चालत गेल्या. नव्या प्लॉटिंगच्या भागात दिवसाआड पाणी, तिथल्या बंगल्यांत आणखी स्वतःचे बोअर, आणि वाटेत तीन ठिकाणी पाइप गळत होता. वॉल्व्ह कधी आणि कुणासाठी उघडायचा याची कुठेच नोंद नव्हती.

सगळं काही जिंकलं असं सांगणार नाही. पालिकेने लेखी काही दिलेलं नाही. होळीनंतर चारपैकी वाडीच्या जवळचे दोन बोअर बंद ठेवायचे असं तोंडी ठरलं, आणि यंदा ते पाळलं गेलं. पाइप वाडीजवळून जात होता, त्याला एक सार्वजनिक नळ मिळाला. गळती दोन ठिकाणी बुजली. कोरड्या निघालेल्या तीन बोअरची तोंडं उघडीच होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच असे बोअर बंद करायला सांगितलं आहे, तरी त्यासाठी तीन अर्ज करावे लागले.

तुमच्या गावात बोअरचा ठराव येईल तेव्हा नारळ फुटायच्या आधी माहितीच्या अधिकारात भूजल सर्वेक्षणाचा दाखला मागा. आजूबाजूच्या कुठल्या विहिरींवर परिणाम होईल, त्या गावांच्या ग्रामसभेला विचारलं का, हे विचारा. आधीच्या पाण्यातलं किती गळतं ते मोजल्याशिवाय नवा बोअर नको, असं निवेदनात लिहा. आपल्या निवेदनातही 'बोअर द्या' हा शब्द घालू नका, 'पाणी द्या' एवढंच लिहा. भूजल खात्याच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजल्या जातात. आपल्या पाणलोटातली विहीर कुठली ते शोधून ठेवा आणि मोजणीच्या दिवशी वही घेऊन तिथे हजर राहा.

आणि दोराला गाठी मारायच्या त्या शिवणाच्या टेपने मोजून. हाताच्या मापाने मारू नका; प्रत्येकीचा हात वेगळा असतो, आणि साहेब नेमकं तेवढंच धरून बसतात.