फळा, संगणक आणि शिक्षक
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. माझी सारी हयात मुलांना गणित शिकविण्यात गेली. तेव्हा वक्तृत्वाची अपेक्षा आपण माझ्याकडून करणार नाही, असा मला भरवसा आहे. आपल्या शिक्षण-साहाय्य निधीतून प्रत्येक होतकरू विद्यार्थ्यास एकेक टॅब्लेट द्यावा, अशी सूचना काही उत्साही तरुण सभासदांनी मांडली आहे. तिच्यामागील तळमळ मला मनापासून मान्य आहे. परंतु पैसा समाजाचा आहे, थेंबाथेंबाने साचलेला आहे. म्हणून तो खर्च होण्यापूर्वी ह्या साधनाने वर्गात नेमके काय साधते आणि काय साधत नाही, ह्याचा विचार आपणापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रत्येक नवे यंत्र निघाले की आता शिक्षणाचा प्रश्न सुटलाच, अशी आशा माणसाच्या मनात उत्पन्न होते. थॉमस एडिसनसारख्या थोर संशोधकाने १९१३ साली असे भाकीत केले होते, की चलच्चित्रांमुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. पुस्तके अद्याप मुलांच्या दप्तरात आहेत. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षपर्यंत उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि शाळकरी मुलांचे कार्यक्रम हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. पुढे १९८४ साली केंद्र सरकारने सुमारे २५० शाळांत संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली आणि बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे शाळांत आली. ह्या प्रयत्नांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु यंत्र खोलीत येणे ही एक गोष्ट आणि विद्या मुलाच्या डोक्यात जाणे ही दुसरी, हा धडा आपण त्यांतून घ्यावयास हवा.

ह्या दोन गोष्टींमधील अंतर मी स्वतः पाहिले आहे. मी नोकरीस होतो त्या एका शाळेला एका दानशूर गृहस्थांनी दहा संगणक दिले. उद्घाटन झाले, नारळ फुटला, छायाचित्र निघाले. त्यानंतर ती खोली बहुतेक वेळ कुलपात असे, कारण काही बिघडले तर जबाबदार कोण, ह्या भीतीने किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात राही. यंत्रांवर रेक्झिनची आवरणे होती. ती मात्र अखेरपर्यंत नवी राहिली. त्या शिक्षकवर्गात मीही होतो. किल्ली मागावयास मी गेलो नाही, आणि हा दोष मी आज आपणासमोर कबूल करतो.

आता केवळ अनुभवावर न विसंबता, काळजीपूर्वक मोजमाप करून निघालेले निष्कर्ष पाहू. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने खेड्यांतील मुलांना लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. सामान्य बुद्धीच्या चाचण्यांत मुलांची काहीशी प्रगती दिसली. पण भाषा आणि गणित ह्या विषयांत, यंत्रे मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत फरक आढळला नाही.

आपल्या शेजारच्या गुजरातेतील अभ्यास तर अधिक बोलका आहे. अर्थशास्त्रज्ञ लिंडेन ह्यांनी २००८ साली तो मांडला. गणिताचा एकच संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहण्यात आला. काही ठिकाणी शिक्षकाच्या नेहमीच्या तासातील वेळ काढून तो संगणकाला दिला. तेथे मुले इतरांच्या मागे पडली. अन्य ठिकाणी शाळेचे शिक्षण जसेच्या तसे ठेवून, शाळेच्या वेळेबाहेर तोच कार्यक्रम जोड म्हणून दिला. तेथे मुले पुढे गेली, आणि मागे राहिलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाला. यंत्र तेच, धडे तेच. परिणाम मात्र परस्परविरुद्ध! शिक्षकाच्या जागी बसविलेला संगणक नुकसान करतो आणि शिक्षकाच्या जोडीला दिलेला संगणक उपकार करतो, हेच माझ्या आजच्या भाषणाचे सार आहे.

असे का व्हावे? ज्याने वर्गात खडू हाती धरला आहे, त्याला ह्याचे उत्तर अवघड वाटणार नाही. एका वर्गात चाळीस मुले बसतात, परंतु ती चाळीस एका पायरीवर नसतात. दिल्लीत केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की सहावीतील मुले गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे होती. पुस्तक सहावीचे आणि मूल तिसरी-चौथीच्या पायरीवर! अशा मुलाला शिक्षकाचे शब्द ऐकू येतात, पण पोहोचत नाहीत. त्या प्रयोगात शाळा सुटल्यावर मुले रोज पंचेचाळीस मिनिटे संगणकावर आपापल्या पायरीची उदाहरणे सोडवीत आणि पुढील पंचेचाळीस मिनिटे लहान गटात एका शिकविणाऱ्या व्यक्तीजवळ बसत. साडेचार महिन्यांत ह्या मुलांची गणितातील आणि हिंदीतील प्रगती इतरांहून स्पष्टपणे अधिक झाली. तेथेही अर्धा वेळ माणसाचा होता, हे विसरून चालणार नाही.

एक साधे उदाहरण देतो. बावन्नातून सत्तावीस वजा करावयास सांगितले, तर काही मुले उत्तर पस्तीस लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती साततून दोन वजा करतात. चाळीस वह्या तपासून ही चूक कोणाकोणाची झाली हे शोधण्यास शिक्षकाला एक संध्याकाळ लागते. संगणक ते क्षणात दाखवितो. परंतु त्या अकरा मुलांना जवळ बसवून, दहा-दहा काड्यांच्या जुड्या त्यांच्या हाती देऊन, एक जुडी सोडावयास लावणे आणि मुलाच्या डोळ्यांत उजेड पडेपर्यंत धीर धरणे, हे शिक्षकाचे काम आहे. पहिले काम यंत्राने केले, तर दुसऱ्यास शिक्षकाला सवड मिळेल. वर्गातील संगणकाची खरी जागा ही आहे.

ह्याचे सुंदर प्रत्यंतर आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून, तो टिपताच मुलाला कवितेचे गायन वा पाठाची चित्रफीत मिळावी, ही त्यांची योजना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. पुरस्काराच्या रकमेचा अर्धा वाटा त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना दिला, हे तर आपण जाणतोच. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे, की ती कल्पना यंत्रातून निघाली नाही. आपल्या मुलांचे काय अडते हे ओळखणाऱ्या शिक्षकाच्या मनातून ती निघाली. आडात असेल तरच पोहऱ्यात येणार!

आता इंटरनेटविषयी थोडेसे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली आरंभ झालेला मराठी विश्वकोश आज आडगावच्या मुलालाही इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. आमच्या बालपणी असा ग्रंथ पाहावयाचा तर तालुक्याचे ग्रंथालय गाठावे लागे. पण त्याच पडद्यावर खरे आणि खोटे एकाच पंक्तीला बसते. अलीकडे तर प्रश्न विचारताच निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मुलांच्या हाती आली आहे. निबंध तयार होतो, मूल मात्र तयार होत नाही. म्हणून "हे कोणी सांगितले? कशावरून सांगितले? दुसरीकडे काय म्हटले आहे?" हे तीन प्रश्न विचारावयास शिकविणे हे ह्यापुढे प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्य ठरणार आहे.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा यंत्राची कसोटीच लागली. 'असर' ह्या पाहणीनुसार, ग्रामीण भारतात ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशा शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. घराघरांत यंत्र आले. तरीही तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा पाठ वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. शाळा आणि शिक्षक दुरावले, त्याची भरपाई घरातील फोनने होऊ शकली नाही. शिवाय घरात फोन एक आणि मुले दोन असली, तर तो भावाच्या हाती जातो आणि बहीण भांड्यांपाशी राहते, हे आपण आपापल्या घरी आठवून पाहावे.

बंधुभगिनींनो, राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, हा इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या वसतिगृहांनी मुलांना छप्पर दिले, जेवण दिले. आणि त्याबरोबरच, रात्री दिव्याजवळ बसलेल्या मुलाच्या पाठीशी उभे राहणारे वडीलधारे माणूसही दिले. आपला निधी ज्या परंपरेतून आला, ती ही परंपरा आहे. नुसता टॅब्लेट हाती देणे म्हणजे दिवा देऊन माणूस काढून घेण्यासारखे होईल.

म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे मी चार सूचना करतो. पहिली, टॅब्लेट वाटण्याऐवजी मंडळाच्या वसतिगृहात संध्याकाळची एक अभ्यासिका काढावी, तेथे मोजके संगणक ठेवावेत आणि मानधनावर एक चांगला शिक्षक नेमावा. दुसरी, रकमेचा एक भाग दुरुस्तीसाठी आणि शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी आरंभीच वेगळा काढावा. तिसरी, मुलींसाठी राखीव वेळ असावा, आणि अभ्यासिका गावातील सर्व मुलांना, ती कोणत्याही ज्ञातीची असोत, खुली असावी. मंडळ ज्ञातीचे आहे, विद्या ज्ञातीची नाही. चौथी, आरंभी मुलांचे वाचन व गणित तपासावे, वर्षाअखेर पुन्हा तपासावे, आणि जे आढळेल ते, गोड असो वा कडू, पुढील स्मरणिकेत छापावे.

आणि किल्ली? ती कपाटात नसावी. रोज सायंकाळी दार उघडणाऱ्या माणसाच्या हाती असावी. त्या कामी ह्या निवृत्त शिक्षकाची सेवा मंडळास उपयोगी वाटली, तर ती मी विनामूल्य देईन. पूर्वी एक किल्ली मी मागितली नव्हती, ती आज आपणाकडे मागत आहे.