रीत बदला, कामगार टिकवा



बुद्धीने मागे असलेला मनुष्य कारखान्यात टिकत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. जपानमधील निहोन रिकागाकू या खडूच्या कारखान्याने तो खोटा ठरविला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन मुली तेथे थोड्या दिवसांच्या उमेदवारीसाठी आल्या. त्यांना ठेवून घ्या, अशी मागणी सोबतच्या कामगारांनीच केली आणि १९६० साली त्या कायम झाल्या. पुढे, आकडे न समजणाऱ्यांसाठी लाल डब्यातला माल लाल वजनाने तोलण्याची सोय झाली. वेळ मोजण्यासाठी वाळूचे घड्याळ आले. आज तेथे बहुसंख्य कामगार असेच आहेत. उणीव कामाच्या रीतीत होती. म्हणून आपल्या घरातील अशा कामगाराला कोणी काढू पाहील, तर दयेची याचना करू नका; रीत बदलण्याची मागणी करा.