साच्यावर उभा राहिलो, पण चाललो नाही
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सातवीपर्यंत शाळा, बाकीचे शिक्षण गिरणीत आणि वाचनालयात. तेव्हा मी सांगतो ते तपासून घ्या.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि रोज चाला. मला रागच आला. म्हटलं, साहेब, आठ तास साच्यावर उभा असतो, मला कसला व्यायाम सांगता? तो बसून खाणाऱ्यांनी करावा. गोळ्या घेतल्या, चाललो मात्र नाही. शुगर खाली येईना.

पुढे एक गोष्ट वाचनात आली. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या कामगारांचा अभ्यास केला आणि तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. दोघेही कामगारच! पण हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. मग मी स्वतःकडे पाहिलं. साच्यांमध्ये येरझाऱ्या होतात खऱ्या, पण चार पावलं टाकली की थांबा, धागा तुटला की वाका. पाय सुजतात, पाठ मोडते, पण एकसारखी भरभर चाल कधी घडत नाही. कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा. आमच्या भगिनींचंही तेच. दिवसभर राबतात आणि रात्री गुडघे धरून बसतात.

चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी शुगर कमी चढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला हिशोब आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. पाळीवाल्यांनी तुकडे करावेत, मी तेच करतो. तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले, त्यात आजार कमी होणे आणि अन्न नीट पचणे हेही आहेत.

गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवरून सावकाश उठ-बस करावी. मांडी बळकट झाली की गुडघ्याला आराम पडतो. आमच्या मंडळी करतात. पहिले पंधरा दिवस मलाच शिव्या होत्या.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. वस्तीतल्या एका मित्राला मीच चालायला नेलं. त्याला बरं वाटू लागलं, त्याने गोळ्या सोडल्या. अनवाणी चालायचा. शुगरने पाय बधिर झालेला, काच रुतली ती कळलीच नाही. शेवटी अंगठा काढावा लागला. पायाचं मी वाचलेलं होतं, त्याला सांगितलं नव्हतं. ती चूक माझी.

म्हणून सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. बूट घाला, घरी आल्यावर तळपाय आरशात पाहा. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते, तेव्हा खिशात साखरेची पुडी ठेवा. थरथर सुटली, घाम फुटला की लगेच तोंडात टाका. छातीत दाबल्यासारखं झालं तर थांबा आणि थेट दवाखाना गाठा.

भगिनींना पहाटे रस्त्यावर चालायला संकोच वाटतो. समितीला विनंती आहे की, संध्याकाळी वंदनेआधी तासभर विहाराचा हॉल त्यांच्यासाठी उघडा ठेवावा.

तो मित्र आणि मी पहाटे साडेपाचला विहाराच्या पायरीशी असतो. त्याने आता बूट घेतलेत. माझी रातपाळी असली तर मी नसतो, तो असतो.

जयभीम! नमो बुद्धाय!