फिर्याद लिहून ठेवा
(बुलढाणा जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



पाणवठ्यावर अडविले म्हणून आपण ठाण्यात जातो. तेथे फिर्यादच घेतली नाही, तर मुकाट्याने घरी परततो. हे मौन आता सोडा. लोकसेवकाने हक्क तुडविला किंवा त्याच्या रक्षणात हयगय केली, तर १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यान्वये राज्य आयोगाकडे दाद मागता येते. आयोग मुंबईत असला तरी बुलढाण्याहून टपालाने अर्ज धाडता येतो. आयोग साक्षीदारांना बोलावू शकतो. मात्र तो स्वतः शिक्षा देत नाही, शासनाला शिफारस करतो. आणि घटनेला वर्ष उलटले की चौकशीचे दार बंद होते! म्हणून तारीख, ठिकाण व अधिकाऱ्याचा हुद्दा त्याच दिवशी लिहून ठेवा. बाबासाहेबांनी संविधानात हक्क लिहिले. ते मागणारा अर्ज आपणच लिहिला पाहिजे.

जयभीम!