दुखापतीचा पहिला कागद

संत्र्यांचा हंगाम भरात आला की पांढुर्ण्याच्या बाजारात पहाटेपासून ट्रक भरू लागतात. थप्पीवर उभा राहून पेट्या झेलणाऱ्या एखाद्या हमालाचा पाय घसरतो आणि तो खाली येतो. सोबती त्याला उठवून बसवतात, मालक चहा पाजतो, आणि उरलेला ट्रक भरून तो घरी जातो. दोन दिवस शेक होतो, चार दिवस तेल होते. पाचव्या आठवड्यात पाय बधिर पडू लागतो, तेव्हा नागपूरचे डॉक्टर सांगतात की मणक्याची शस्त्रक्रिया करावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरची माणसे मालकाकडे जातात. मालक विचारतो, “पडला होता खरा, पण कमरेचे दुखणे त्या पडण्यामुळेच, हे कशावरून?”

श्रोतेहो, हे चित्र कोणा एका माणसाचे नव्हे. परंतु ते कोणालाही अनोळखी वाटू नये. मालकाचा प्रश्न निष्ठुर वाटला तरी कायद्यालाही तोच विचारावा लागतो. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला. त्याची जागा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आहे. कामाच्या ओघात आणि कामामुळे घडलेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे मूळ तत्त्व मात्र कायम आहे. औषधोपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्चही कामगाराला मिळावा, ही तरतूद 2009 च्या दुरुस्तीने आली आणि संहितेतही राहिली.

हा हक्क मिळवण्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. अपघात घडला, तो कामावर घडला, आणि आजचे दुखणे त्याचेच आहे. पहिल्या दोन गोष्टी सोबती सांगू शकतात. तिसरी मात्र डोळ्यांना दिसत नाही. दुखऱ्या शरीरावर तारीख लिहिलेली नसते.

हा दुवा तुटला म्हणजे काय होते, हे एका जुन्या खटल्यावरून कळते. 1961 च्या डिसेंबरात ‘द्वारका’ या जहाजावरील एक खलाशी समुद्रप्रवासात नाहीसा झाला. त्याच्या वडिलांनी मुंबईत भरपाई मागितली. उच्च न्यायालयाने ती दिली. पण 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मृत्यू कामामुळे झाला हे दाखवण्याचा भार मागणाऱ्यावर आहे, आणि तसा अनुमान काढण्याजोगा पुरावा येथे नाही, असे न्यायालयाने म्हटले. तथापि त्याच निकालात गरिबाला धीर देणारी गोष्टही आहे. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदारच हवा असे नाही. परिस्थितीवरूनही संबंध सिद्ध होऊ शकतो. खुनाच्या खटल्यात लागते तशी निःसंशय खात्री येथे लागत नाही; संभव कोणत्या बाजूला अधिक झुकतो, एवढेच पाहिले जाते.

संभवाचे हे पारडे झुकवणारी वस्तू म्हणजे पहिला कागद. इजा झाल्यावर प्रथम ज्या डॉक्टरांकडे रोगी जातो ते विचारतात, “काय झाले?” त्या वेळी दिलेल्या उत्तराला जे वजन असते, ते सहा महिन्यांनी वकिलाच्या घरी सुचलेल्या उत्तराला येत नाही. आणि नेमकी येथेच आपली माणसे चुकतात. पोलिसांची भीती, मालकाचा शब्द, रोजी जाण्याची धास्ती, यांपायी ती सांगतात, “घरी पडलो.” डॉक्टर तेवढेच लिहितात. पुढे तोच कागद त्यांच्याविरुद्ध उभा राहतो.

पांढुर्णा आणि सौंसर या भागात आणखी एक अडचण आहे. 1956 साली प्रांतरचना होऊन हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. 2023 साली या दोन तहसिलींचा स्वतंत्र जिल्हाही झाला; पण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी वाट नागपूरचीच. म्हणजे रोगी आपले दुखणे मराठीत सांगतो, ठाण्यात ते हिंदीत उतरते आणि इस्पितळात इंग्रजीत. “ट्रकवरून पडलो” याचे दोन मुक्काम ओलांडता ओलांडता नुसते “पडला” एवढेच उरते. म्हणून सोबत जाणाऱ्याने तारीख, वेळ, जागा आणि काम या चार गोष्टी कागदावर उतरल्या की नाहीत, ते वाचून पाहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप वयाचा असतो. चाळिशीनंतर मणके झिजतातच, असे समोरचा पक्ष म्हणतो, आणि ते खोटेही नसते. पण झीज असूनही जो माणूस काल पेट्या उचलत होता तो आज का उचलत नाही, हा प्रश्न उरतोच. येथे वेळेवर काढलेले छायाचित्र बोलते. ताज्या मोडीच्या वेळी हाडाच्या आतल्या भागात जी सूज येते ती एमआरआयमध्ये दिसते आणि काही महिन्यांत ओसरते. ती ओसरल्यावर मोड नवी की जुनी, हे सांगणे डॉक्टरांनाही जड जाते. न्यायालये नुसत्या दाखल्यावर विसंबत नाहीत. ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली रस्त्यावरील अपघाताच्या एका खटल्यात सांगितले आहे.

पैशाचे सगळेच मार्ग या पुराव्यावर अडलेले नाहीत, हेही लक्षात ठेवावे. सौंसरकडच्या कारखान्यांतील ज्या कामगारांचा राज्य विमा आहे, त्यांच्या उपचारांचा हक्क विम्यामुळे असतो, अपघातामुळे नव्हे. 2018 च्या आयुष्मान योजनेतील पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार परराज्यातील मान्य रुग्णालयातही मिळू शकतात. रस्त्यावरील अपघातात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत विनामूल्य उपचारांची योजना 2025 साली आली आहे. शस्त्रक्रिया या वाटांनी आधी करून घ्यावी. भरपाईचा वाद मागून चालू द्यावा. वाद जिंकेपर्यंत पाय थांबत नाही.

मालकाला अपघाताची लेखी खबर त्याच आठवड्यात द्यावी आणि तिची नक्कल घरी ठेवावी. सोबत्यांची नावे लिहून घ्यावीत. हंगाम संपला की ती माणसे चार गावांना पांगतात. लिहिता न येणाऱ्यासाठी शेजारच्या शिकलेल्या मुलाने अर्धा तास बसावे. पडलेल्या माणसाला पाणी द्यायला आपल्याकडे दहा हात धावतात. त्यांतल्या एका हाताने खिशातली पेन्सिल काढली, तर त्या माणसाचे पुढचे कित्येक महिने सोपे होतील.