घड्याळ आणि पाळणा

राधानगरीस पावसाळा लागला म्हणजे घरांतलीं माणसें एकमेकांच्या सहवासांत कोंडलीं जातात. बाहेर सह्याद्रीवरून उतरणारी झड, आंत ओलीं दुपटीं वाळविण्याची खटपट, आणि अशा घरांत तीन महिन्यांचें तान्हें असलें तर वादाला विषय शोधावा लागत नाहीं. मध्यरात्रीं मूल रडूं लागतें. बाप भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणतो, "अकराला पाजलं आहे; तीनपर्यंत रडूं दे, संवय लागेल." आई पदर सांवरीत उठलेलीच असते. माजघरांतून आजीचा आवाज येतो, "अगं, घे त्याला! भूक काय घड्याळ बघून लागते?" असें घर राधानगरींतच असतें असें नव्हे. शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांत तर हा वाद अधिकच रंगतो. कारण तेथें बापाच्या बाजूनें पुस्तकें साक्षीस येतात.

ह्या पुस्तकांची हकीकत मनोरंजक आहे. १९०७ सालीं न्यूझीलंडमध्यें डॉ. ट्रुबी किंग यांनीं बालसंगोपनासाठीं एक संस्था काढली. दर चार तासांनीं दूध, रात्रीं दूध नाहीं, रडलें म्हणून उचलणें नाहीं, अशी त्यांची शिकवण. आईच्या दुधाचा आणि स्वच्छतेचा त्यांनीं पुरस्कार केला, हें त्यांचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. पण १९२८ सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनीं कमाल केली. मुलांना कुरवाळूं नये, त्यांचे मुके घेऊं नयेत. अगदींच राहवलें नाहीं तर निजतांना कपाळाचा एक मुका घ्यावा आणि सकाळीं हस्तांदोलन करावें! आपल्याकडील एखाद्या आजीला हें वाचून दाखविलें असतें तर तिनें त्या विद्वानाचीच दृष्ट काढली असती. पुढें १९४६ सालीं डॉ. स्पॉक यांनीं आयांना स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवण्यास सांगितलें, आणि वारें फिरलें.

ह्या भांडणांत मुलाचें वय कोणी विचारीत नाहीं, हीच खरी अडचण. नवजात अर्भकाचें पोट लहान आणि आईचें दूध लवकर पचणारें. म्हणून पहिल्या महिन्यांत दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळां पाजावें लागणें स्वाभाविक आहे. शिवाय हें दूध हौदांत सांठविलेल्या पाण्यासारखें नसतें. विहीर उपसावी तसे झरे मोकळे होतात, तशी त्याची रीत आहे. चार-चार तासांचें बंधन घातलें कीं पुष्कळ आयांचें दूध आटूं लागतें; मूल अधिकच रडतें, आणि शेवटीं घरांत बाटली येते. दिवस कोणता आणि रात्र कोणती हें ओळखणारें शरीरांतलें घड्याळही जन्मतः चालू नसतें. तें दोन-चार महिन्यांत हळूहळू लागतें. त्यापूर्वीं संवयीचा आग्रह धरणें म्हणजे न उगवलेल्या वेलाला मांडव घालणें होय.

राधानगरीकरांना ह्याचा दृष्टांत शोधावयास दूर जावयास नको. शाहू छत्रपतींनीं हातीं घेतलेल्या आणि १९५७ सालीं पुऱ्या झालेल्या भोगावतीवरील धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला कीं ते आपोआप उघडतात, मग दुपार असो वा मध्यरात्र. पातळी उतरली कीं मिटतात. त्यांना बेशिस्त म्हणण्याचें धाडस अद्याप कोणीं केलेलें नाहीं. तान्ह्या मुलाची शिस्तही अशीच असते. पण हा दृष्टांत फार ताणूं नये. अपुऱ्या दिवसांचें किंवा कमी वजनाचें मूल पुष्कळदां भुकेची खूणच देत नाहीं. तें नुसतें निजून राहतें. त्याला दोन-तीन तासांनीं उठवून पाजावें लागतें. तेथें बापाचें घड्याळ आजीच्या मायेहून अधिक उपयोगी पडतें, आणि "किती गुणी बाळ, रडतच नाहीं," हें कौतुक घातक ठरूं शकतें.

वाद शास्त्राच्या नांवानें चालतो खरा, पण त्याच्या मुळाशीं पुष्कळदां श्रमाची वांटणी असते. "रडूं दे" म्हणणारा कूस बदलून निजतो. "घे त्याला" म्हणणारी आजीही माजघरांतून उठत नाहीं. उठते ती एकटी आई. म्हणून आईनेंच उद्यां वेळापत्रक मागितलें, तर तिला निर्दय ठरविण्यापूर्वीं तिच्या झोपेचा हिशेब मांडावा. २०१७ सालापासून नोकरी करणाऱ्या आईस पहिल्या दोन बाळंतपणांसाठीं कायद्यानें २६ आठवड्यांची रजा मिळते, आणि पन्नास वा अधिक माणसें कामास असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची तरतूद आहे. त्याहून लहान ठिकाणीं काम करणाऱ्या बाईस मूल कोणाच्या तरी स्वाधीन करावें लागतें. अशा वेळीं तें केव्हां निजेल आणि केव्हां भुकेजेल याचा अंदाज तिला हवा असतो. त्यांत गैर काय आहे?

कामाचें घड्याळ मुलावर कसें लादलें जातें याचा कठोर दाखला मुंबईच्या गिरण्यांनीं दिला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं भोंग्याबरोबर कामास निघणाऱ्या पुष्कळ बायका तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवीत. मूल वेळेवर निजे. पण त्याची किंमत त्याच्या देहाला द्यावी लागे. त्या आया निष्ठुर नव्हत्या. मूल ठेवावयास जागा नव्हती आणि पगार सोडवत नव्हता. मुंबई इलाख्यांत प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला तो १९२९ सालीं.

वर्ष उलटलें कीं प्रकरण बदलतें. चालूं लागलेल्या मुलाला क्रम हवा असतो, आणि तो मोडला कीं तें हट्टी ठरतें. माँटेसोरीबाईंनीं सहा महिन्यांच्या एका मुलीची गोष्ट सांगितली आहे. पाहुण्या बाईनें आपली छत्री टेबलावर ठेवली आणि ती मुलगी रडूं लागली. छत्री हवी असेल म्हणून ती पुढें केली, तर मुलीनें दूर लोटली. आईनें छत्री उचलून दुसऱ्या खोलींत नेली तेव्हां मूल शांत झालें. छत्रीची जागा टेबलावर नसते, एवढेंच तिचें म्हणणें होतें! ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापून हे विचार इकडच्या पालकांपर्यंत पोंचविले. जेवण, मग गोष्ट, मग दिवा मालवणें, ही ओळ रोज तीच राहिली तर दहा-पंधरा मिनिटें मागेंपुढें झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं एक-दोन वर्षांच्या मुलांसाठीं दिवसाच्या झोपेसह अकरा ते चौदा तास झोप सांगितली आहे. रात्रीं दहा वाजतां आजोबांच्या मांडीवर बसून मोबाइलवरील चित्रें पाहणाऱ्या नातवाला ती कोठून मिळणार? येथें आजीआजोबांच्या लाडाला थोडा आळा घालावाच लागेल, आणि तो सुनेनें एकटीनें घालूं नये. मुलानें आपल्या आईबापांशीं स्वतः बोलावें.

त्या पावसाळी घरांत तूर्त बापानें रात्रींचीं दुपटीं बदलण्याचें काम पत्करावें, पाजून झाल्यावर मूल खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. सकाळचें तेल लावून न्हाऊं घालणें आजीकडे असूं द्यावें; मात्र नंतरची धुरी आजचे डॉक्टर वर्ज्य सांगतात, ती सोडावी. तेवढ्या वेळांत आईला दोन तास सलग निजूं द्यावें, आणि त्या दोन तासांसाठीं भिंतीवरचें घड्याळ जरूर पाहावें.